सरासरीवर थांबू नका: व्यवसाय सांख्यिकी पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी

नागपूरच्या महाल भागातल्या एका खोलीत मी संध्याकाळी बी.कॉम. आणि बी.बी.ए.च्या मुलांना सांख्यिकी शिकवतो. पहिल्या आठवड्यात दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, फॉर्म्युले किती पाठ करावे लागतील?" मी वह्या मिटायला लावतो आणि उलट विचारतो, "कोपऱ्यावरच्या तर्री-पोह्यांच्या गाडीवाल्या भाऊंनी उद्या किती पोहे भिजवावेत?" मग खोलीत बोलणं सुरू होतं. कुणी म्हणतं काल किती खपले ते पाहा, कुणी म्हणतं उद्या रविवार आहे. सांख्यिकी इथून सुरू होते. सूत्र नंतर येतं.

हा लेख ज्यांनी या विषयाला आजवर हात लावलेला नाही त्यांच्यासाठी आहे, मग ते विद्यार्थी असोत की इतवारीत घरचं दुकान सांभाळणारे. खालचे आकडे मी सरावासाठी तयार केले आहेत. वही-पेन घेऊन बसा आणि प्रत्येक गणित स्वतः करून पाहा. नुसतं वाचून हा विषय येत नाही.

आधी प्रश्न, मग आकडे

गणित हाती आलं की वहीच्या वरच्या ओळीत एक वाक्य लिहा: या आकड्यांवरून कुणाला काय ठरवायचं आहे? "प्रमाण विचलन काढा" ही परीक्षकाची सूचना झाली, तो प्रश्न नव्हे. "दोन पुरवठादारांपैकी कुणाचा माल जास्त भरवशाचा?" हा प्रश्न. तो लिहिला की कोणतं माप लागेल हे बहुतेक वेळा आपोआप सुचतं, आणि शेवटी उत्तर काय लिहायचं तेही कळतं.

त्याच्या खाली दुसरी ओळ लिहा: आकडे कशाचे आहेत आणि एकक काय आहे? प्लेटा, किलो, रुपये की टक्के? आकडे सगळ्यांचे आहेत की निवडक काहींचे? सगळ्यांचे असतील तर त्याला समष्टी म्हणतात, काहींचे असतील तर नमुना. हा फरक पुढे सूत्रात येणार आहे, म्हणून आताच नोंदवून ठेवा.

तीन मधले आकडे

आपल्या गाडीवाल्या भाऊंचा दहा दिवसांचा खप असा आहे: ११०, १२०, ११५, १२५, ११८, १२२, २४०, ११६, ११२, १२२ प्लेटा.

बेरीज १३००. दहानं भागलं की सरासरी १३०. पुस्तकात हिला मध्य म्हणतात, बोलताना आपण मीन म्हणतो.

आता थांबा आणि आकड्यांकडे पुन्हा पाहा. दहापैकी नऊ दिवस खप १३० पेक्षा कमी आहे! भाऊंनी सरासरी पाहून रोज १३० प्लेटांचे पोहे भिजवले, तर जवळजवळ रोज उरतील. ही किमया सातव्या दिवशीच्या २४० ची आहे. तो दिवस मारबतीचा होता असं समजा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत आणि बडगे या पुतळ्यांची मिरवणूक पाहायला महाल-इतवारीत जी गर्दी लोटते, ती नागपूरकराला वेगळी सांगायला नको.

म्हणून दुसरं माप. आकडे चढत्या क्रमानं लावा: ११०, ११२, ११५, ११६, ११८, १२०, १२२, १२२, १२५, २४०. मधोमध ११८ आणि १२० येतात, त्यांचा मध्य ११९. हा मध्यक, म्हणजे मीडियन. २४० च्या जागी ५०० असते तरी मध्यक ११९ च राहिला असता. जो आकडा सर्वांत जास्त वेळा आला तो बहुलक, इथे १२२.

मग खरं माप कोणतं? हा प्रश्न मुलं नेहमी विचारतात, आणि माझं उत्तर नेहमी एकच असतं: वरच्या ओळीत लिहिलेला प्रश्न पाहा. दहा दिवसांत एकूण किती पोहे लागले, महिन्याचा किराणा किती भरायचा, हे पाहायचं असेल तर सरासरी, कारण सरासरीला दिवसांनी गुणलं की एकूण मिळतं. मध्यकाला गुणून ते मिळत नाही. उद्याच्या साध्या दिवसाचा अंदाज हवा असेल तर मध्यक. चपलेच्या दुकानात कोणत्या नंबरचा माल जास्त ठेवायचा हे ठरवायचं असेल तर बहुलक, कारण सात पूर्णांक तीन दशांश नंबरची चप्पल कुणी घालत नाही.

आणि तो २४० खोडून टाकायचा का? नाही. वेगळा आकडा दिसला की आधी कारण विचारा. लिहिताना चूक झाली असेल तर दुरुस्त करा. मारबतीचा दिवस असेल तर तो खरा आहे, फक्त वेगळ्या खात्यात ठेवा, कारण पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या आठवड्यात तोच आकडा सोन्यासारखा उपयोगी पडेल.

एक छोटी गोष्ट इथेच सांगतो. कळमन्याच्या बाजारातून तुम्ही ४० किलो संत्री ३० रुपयांनी आणि १० किलो ५० रुपयांनी घेतली. सरासरी भाव ४० रुपये नाही. १२०० आणि ५०० मिळून १७०० रुपये, भागिले ५० किलो, म्हणजे ३४ रुपये. याला भारित सरासरी म्हणतात. भावाची, व्याजाची, टक्क्यांची सरासरी काढताना वजन विसरणं ही दुकानदारांत आणि विद्यार्थ्यांत सारखीच दिसणारी चूक आहे.

पसरण: माझ्या मते विषयाचा गाभा

पहिली परीक्षा जवळ आली की मुलं या प्रकरणाला घाबरतात. घाबरू नका. इथे मी मुद्दाम सावकाश जाणार आहे.

संत्रा बर्फी करणाऱ्या एका दुकानाला दोन जण संत्री पुरवतात. प्रत्येक क्रेटमध्ये २० किलो माल यायला हवा. पाच-पाच क्रेट उचलून वजन केलं.

पहिल्याचे: १६, २०, २४, १८, २२ किलो.
दुसऱ्याचे: १९, २०, २१, २०, २० किलो.

दोघांची सरासरी २०. सरासरीला विचारलं तर दोघं सारखेच. पण क्रेट उचलणाऱ्या हमालाला विचारा, तो लगेच सांगेल की पहिल्याचं काही खरं नाही. हमालाच्या हाताला जे कळतं ते आकड्यात मांडणं, एवढंच प्रमाण विचलनाचं काम आहे.

पहिल्याचं करू. प्रत्येक वजनातून सरासरी वजा करा: उणे ४, ०, ४, उणे २, २. यांची बेरीज करून पाहा, शून्य येईल. ती नेहमीच शून्य येते, म्हणून ती तुमची पहिली तपासणी आहे. शून्य आली नाही तर पुढे जाऊ नका, सरासरी किंवा वजाबाकी चुकली आहे. (सरासरी दशांशात तोडली असेल तर किंचित फरक चालेल.)

बेरीज शून्य येते म्हणूनच आपण वर्ग करतो, म्हणजे उणे आणि अधिक एकमेकांना खाऊन टाकत नाहीत. वर्ग: १६, ०, १६, ४, ४. बेरीज ४०.

आता भागायचं कितीनं? पाचनं की चारनं? तुमच्याकडे फक्त हे पाचच क्रेट असतील आणि त्यांच्याबद्दलच बोलायचं असेल, तर पाचनं. पण आपल्याला पुरवठादाराच्या सगळ्या मालाबद्दल अंदाज करायचा आहे आणि हे पाच क्रेट नुसता नमुना आहेत, म्हणून एक कमी करून चारनं. कारण असं: खरी सरासरी आपल्याला माहीत नाही, आपण याच पाच क्रेटची सरासरी वापरली. आकडे स्वतःच्या सरासरीच्या जरा जास्तच जवळ बसतात, त्यामुळे पसरण खऱ्यापेक्षा कमी दिसते. भाजक एकानं कमी करून ती कसर भरून काढतात. एक्सेलमध्ये यासाठी दोन वेगळी सूत्रं असतात, शेवटी एस लावलेलं नमुन्यासाठी आणि पी लावलेलं समष्टीसाठी. परीक्षेत प्रश्नात "नमुना" हा शब्द आहे का ते दोनदा वाचा.

४० भागिले ४ म्हणजे १०. हे विचरण. पण त्याचं एकक "किलोचा वर्ग" झालं, आणि वर्ग-किलो काही बाजारात मिळत नाही. म्हणून वर्गमूळ: ३.१६ किलो. हे प्रमाण विचलन. दुसऱ्याचे वर्ग १, ०, १, ०, ०, बेरीज २, भागिले ४ म्हणजे ०.५, वर्गमूळ ०.७१ किलो.

आता उत्तराचं वाक्य लिहा: "दोघांचं सरासरी वजन सारखं असलं तरी पहिल्याच्या क्रेटचं वजन सरासरीपासून साधारण ३ किलोनं इकडेतिकडे होतं, दुसऱ्याचं एक किलोपेक्षाही कमी. म्हणून दुसऱ्याचा माल जास्त भरवशाचा दिसतो." हे वाक्य नसेल तर गणित अर्धं आहे. "दिसतो" हा शब्दही मुद्दाम ठेवला आहे, कारण पाच क्रेट म्हणजे फार थोडा नमुना. इतक्या थोड्या आकड्यांवरून किती खात्रीनं बोलता येतं, हा प्रश्न डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांना पडला होता. त्यांनी १९०८ साली "स्टुडंट" या टोपणनावानं त्यावर लेख लिहिला. पुढे अभ्यासक्रमात टी-चाचणी येईल तेव्हा हे नाव आठवा. तीही कारखान्याच्या गरजेतूनच आली आहे.

दोन गोष्टींची एककं किंवा सरासऱ्याच वेगळ्या असतील, उदाहरणार्थ एकीकडे प्लेटा आणि दुसरीकडे रुपये, तर प्रमाण विचलनाला सरासरीनं भागून शंभरनं गुणा. वरच्या उदाहरणात १५.८ टक्के आणि ३.५ टक्के येतात. याला विचरण गुणांक म्हणतात. एककं गळून पडतात आणि तुलना सरळ होते.

तपासणीची आणखी एक सवय. प्रमाण विचलन कधीच सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातल्या फरकापेक्षा जास्त येत नाही. गेल्या वर्षी एका मुलीनं १६ ते २४ मधल्या आकड्यांचं प्रमाण विचलन ४० लिहिलं होतं. वर्गमूळ आणि भागाकार दोन्ही राहून गेले होते. तिला पद्धत पूर्ण येत होती. उत्तराकडे एकदा शांतपणे पाहायची सवय तेवढी नव्हती, आणि ती दोन आठवड्यांत लागली.

संभाव्यता: उद्या किती वड्या?

आता पैशाचं गणित. एका दुकानात सांबारवडी विकतात. (बाहेरच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे विदर्भात कोथिंबीर. हिलाच पुडाची वडी म्हणतात.) एक वडी करायला १५ रुपये लागतात, विकली जाते २० ला. रात्री उरलेली टाकून द्यावी लागते. जुन्या वहीवरून दिसतं की शंभरपैकी ३० दिवस ४० वड्यांची मागणी असते, ५० दिवस ६० ची, २० दिवस ८० ची. म्हणजे संभाव्यता ०.३, ०.५ आणि ०.२. बेरीज १, बरोबर.

मागणीची सरासरी काढा: ४० ला ०.३ नं, ६० ला ०.५ नं, ८० ला ०.२ नं गुणून बेरीज, ५८ येते. मग ६० वड्या कराव्यात, असं बहुतेकांना वाटतं. करून पाहू.

४० केल्या तर त्या रोज संपतात. नफा ४० गुणिले ५, म्हणजे २०० रुपये, ठरलेला.

६० केल्या तर खर्च ९००. मागणी ४० असेल त्या दिवशी विक्री ८००, म्हणजे १०० रुपये तोटा. बाकीच्या दिवशी ३०० नफा. उणे १०० ला ०.३ नं आणि ३०० ला ०.७ नं गुणून मिळवा: उणे ३० अधिक २१०, म्हणजे १८०.

८० केल्या तर खर्च १२००. मागणीनुसार ४०० तोटा, बरोबरी, किंवा ४०० नफा. उणे १२० अधिक ० अधिक ८०, म्हणजे सरासरी ४० रुपये तोटा.

म्हणजे सरासरी मागणी ५८ असूनही ४० वड्या करणंच बरं! कारण वडी उरली तर १५ जातात, कमी पडली तर फक्त ५ रुपयांचा नफा हुकतो.

आता भाव २५ करा आणि मागणी तीच राहील असं धरा. ४० वड्यांना ४०० नफा, ६० वड्यांना ४५०, ८० वड्यांना २५०. निर्णय फिरला, आता ६० बरोबर. मागणीचे आकडे तेच, फक्त चूक केल्यावर मोजावी लागणारी किंमत बदलली. ही तीनही गणितं वहीत तक्ता आखून करा: आडवी मागणी, उभ्या वड्या, प्रत्येक चौकटीत नफा. या तक्त्यानं मला स्वतःला संभाव्यता पहिल्यांदा खरी समजली, म्हणून तो मी कधीच गाळत नाही.

ऊन आणि कूलर

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की नागपुरात कूलरशिवाय भागत नाही. एका दुकानाच्या पाच दिवसांच्या नोंदी घेऊ. कमाल तापमान ३६, ३८, ४०, ४२, ४४ अंश, आणि विकलेले कूलर ४, ७, ९, १४, १६.

तापमानाची सरासरी ४०, कूलरची १०. दोन्हीकडचे फरक काढा. तापमानाचे: उणे ४, उणे २, ०, २, ४. कूलरचे: उणे ६, उणे ३, उणे १, ४, ६. समोरासमोरचे फरक गुणा: २४, ६, ०, ८, २४, बेरीज ६२. तापमानाच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ४०, कूलरच्या ९८.

दोन गोष्टी किती एकसाथ वाढतात-घटतात हे सांगणारा आकडा म्हणजे सहसंबंध गुणांक. तो असा: ६२ भागिले (४० गुणिले ९८ या गुणाकाराचं वर्गमूळ), ६२ भागिले ६२.६, साधारण ०.९९. हे माप कार्ल पिअर्सन यांच्या नावानं ओळखलं जातं आणि ते उणे १ ते १ यांच्या बाहेर जात नाही. १.२ आलं तर चूक शोधा, उत्तराखाली दोन रेघा मारू नका.

प्रतिगमनाची रेषा, म्हणजे एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज देणारी रेषाही याच आकड्यांतून निघते. ६२ भागिले ४० म्हणजे १.५५: एक अंश वाढला की सरासरी दीड कूलर जास्त. अंदाज असा: १० अधिक १.५५ गुणिले (तापमान वजा ४०). ४३ अंशाला १४.६५, म्हणजे १४-१५ कूलर तयार ठेवा.

पण हीच रेषा डिसेंबरच्या २० अंशांना लावा. उणे २१ कूलर येतात! रेषा फक्त ३६ ते ४४ मधल्या अनुभवावर उभी आहे. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागेपर्यंत बहुतेकांनी कूलर घेऊन झालेला असतो, त्यामुळे वरच्या टोकालाही ती जपूनच ताणा. दुसरं, मे महिन्यात लस्सीही जास्त खपते. लस्सी आणि कूलर यांचा सहसंबंध काढला तर मोठा येईल, पण लस्सी प्यायल्यानं कुणी कूलर घेत नाही. दोघांच्या मागे ऊन आहे. "सहसंबंध म्हणजे कारण नव्हे" हे वाक्य परीक्षेत लिहिण्याआधी असं एखादं स्वतःचं उदाहरण शोधून ठेवा.

नमुना कुठून घेतला?

नव्या दुकानाला गिऱ्हाईक मिळेल का, हे पाहायला एक जण रविवारी संध्याकाळी सीताबर्डीच्या मेन रोडवर शंभर जणांना विचारतो. ते शंभर जण खरेदीलाच बाहेर पडलेले आहेत. घरी बसलेले, दुपारपाळीत कामावर गेलेले, बुटीबोरीहून उशिरा परतणारे त्यात नाहीतच. असा नमुना हजाराचा केला तरी दोष तसाच राहतो. प्रत्येकाला निवडलं जायची संधी मिळावी, अशा यादृच्छिक निवडीवर सगळी पुढची गणितं उभी असतात. १९४० च्या दशकात आपल्याकडे शेतातल्या पिकाचा अंदाज यादृच्छिक नमुन्यांनी घेण्याची पद्धत रुजवणाऱ्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते, आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांचंही त्यात मोठं काम आहे. महालनोबिस यांचा जन्मदिवस, २९ जून, २००७ पासून राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळतात.

निवड नीट झाली असेल तर चूक किती संभवते ते मोजता येतं. शंभरपैकी ४० जण "हो" म्हणाले. ०.४ गुणिले ०.६ भागिले १००, त्याचं वर्गमूळ ०.०४९. त्याला १.९६ नं (९५ टक्के विश्वासपातळीसाठी ठरलेला आकडा) गुणलं की ०.०९६. म्हणजे ९५ टक्के विश्वासपातळीवर खरा आकडा साधारण ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान. विश्वासपातळी म्हणजे असे शंभर नमुने घेतले तर साधारण ९५ वेळा अशा पट्ट्यात खरा आकडा सापडतो. ४०० जणांना विचारलं तर ही चूक निम्मी, म्हणजे ४.८ टक्के होते. चूक निम्मी करायला चौपट माणसं लागतात. सर्वेक्षणाचा खर्च ठरवताना हे आधी पाहा.

आता तुम्ही करा

एका चहाच्या टपरीवर सात दिवसांत ८०, ९०, ८५, ९५, १५०, ८८, ८४ कप गेले. सरासरी, मध्यक आणि नमुन्याचं प्रमाण विचलन काढा. मग १५० चा दिवस बाजूला ठेवून पुन्हा सरासरी आणि प्रमाण विचलन काढा. खालची उत्तरं झाकून ठेवा.

सरासरी ९६, मध्यक ८८. फरक उणे १६, उणे ६, उणे ११, उणे १, ५४, उणे ८, उणे १२, बेरीज शून्य. वर्गांची बेरीज ३५३८, भागिले ६, वर्गमूळ २४.३ कप. त्या ३५३८ मधले २९१६ एकट्या पाचव्या दिवसाचे आहेत. तो दिवस काढला की सरासरी ८७ आणि प्रमाण विचलन फक्त ५.२. आता टपरीवर जाऊन विचारा, त्या दिवशी समोरच्या शाळेत परीक्षा होती का?